चौथा रकाना

अण्णा, आज सकाळी कॉफीसाठी दूध काढायला फ्रिज उघडला आणि मी मोठ्याने मोजायला लागलो. एक, दोन, तीन. बायको कॉफीचं डिकॉक्शन गाळत होती. तिने मान न वळवता विचारलं, "कोणासाठी मोजता?"

"विजेसाठी," मी म्हटलं.

आमचा फ्रिज माझ्या खांद्याएवढा उंच, भिंतीतल्या विजेवर चालणारा. दिवसभर सताड उघडा ठेवला तरी कोणाचं काही अडत नाही. सातपर्यंत पोचलो तेव्हा मला स्पष्ट ऐकू आलं की माझ्या आवाजाच्या जरासा मागून तूही मोजतो आहेस. आठला मी थांबलो. तू थांबला नाहीस. दहा पुरे केलेस आणि दार माझ्या हातून आपोआप लागलं.

तुला जाऊन महिना होत आला. बाकीच्यांच्या स्वप्नात येतोस म्हणे, पांढरं वेष्टी नेसून, हसतमुख. माझ्याकडे मात्र तू फ्रिजच्या दारात येतोस.

हे मी देवनागरीत लिहितो आहे. आपल्या घराण्यात कित्येक पिढ्या मराठी बोलतात आणि लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरं काढतात. तूही तसाच. मी पन्नाशीला आल्यावर, कॉलेजात गणित शिकवून उरलेल्या संध्याकाळी, एका म्हाताऱ्या मास्तरांकडे बाराखडी गिरवायला जाऊ लागलो, तेव्हा तू तिण्णैवर, दारच्या ओट्यावर, बसून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा हसला होतास. "आता कोणाला पत्र लिहिणार डा, नारू? राजाला?"

तर कबूल करतो. तुला ही अक्षरं वाचता येत नाहीत म्हणूनच ह्या अक्षरांत धीर होतो. पळपुटेपणा आहे. तो तुला नवा नाही.

सांगायचं आहे ते एवढंच. त्या शनिवारी दुपारी, होडीतल्या फ्रिजमधली तुझी इन्सुलिनची बाटली मी जागची हलवली, चुकीच्या बाजूला ठेवली आणि तशीच विसरलो. तुला सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. आणि पुढच्या पंधरवड्याच्या आत तू गेलास.

झालं, सांगून टाकलं. आता गोष्ट सांगतो. ह्याला गोष्टीशिवाय साधा पत्तासुद्धा सांगता येत नाही, असं तू लग्नालग्नांतून सांगत फिरायचास. बरोबरच सांगायचास.

*

तू जहाजावरची इंजिनिअरकी संपवून घरी आलास तेव्हा वैनीला वाटलं, आता हा माणूस सकाळी राजवाड्याच्या बाजूने फेऱ्या मारील, मग पेपर वाचील, मग माझ्या स्वयंपाकात खोड्या काढील. पहिले चार महिने तसंच चाललं. मग तू दोन दिवस कोचीला जाऊन आलास आणि तिसऱ्या दिवशी आपल्या गल्लीच्या तोंडाशी एक लॉरी अडकली. लॉरीवर होडी. दोन रिक्षा, एक गाय आणि अर्धी गल्ली तिच्यामागे तुंबलेली.

वैनी दारात आली. हात पदराला पुसत तिने होडीकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं.

"हे कोठे ठेवणार? विहिरीत?"

"समुद्रात."

"तंजावुरात समुद्र कोठे आहे?"

"मल्लिपट्टिनमला आहे. पट्टुकोट्टैला बस बदलायची, की समोरच."

"आणि हिचं नाव काय?"

तू नाव आधीच रंगवून आणलं होतंस. वैनीला तमिळ अक्षरं वाचता येतात. 'सगुणा'. स्वतःचं नाव होडीच्या कपाळावर वाचून ती आत निघून गेली, आणि तेव्हापासून होडीला शिव्या द्यायची तिची सोय संपली. नवऱ्याला समुद्रावर पाठवून घरात बसली तरी होडीवरचं राज्य मात्र तिचंच.

ते राज्य म्हणजे तो फ्रिज.

लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. प्रवासाच्या ट्रंकेएवढी पेटी, झाकण वरून उघडणारं, आत जेमतेम चाळीस लिटरची जागा. होडीच्या टपावर उन्हाची वीज करणारी पाटी, तिच्यावर भरणारी बॅटरी आणि बॅटरीवर चालणारा हा. एका बाजूच्या भिंतीला पत्र्याची थंड पट्टी, तिथे काकडी टेकली तर काचेची होते. वस्तू एकावर एक रचायच्या, त्यामुळे तळाशी काय आहे ते दिसत नाही, आणि शोधायला म्हणून झाकण उघडं ठेवलं की थंडी निघून जाते आणि बॅटरी बसते. म्हणून तुझा कायदा: आधी यादी वाचायची, वस्तू कुठे आहे ते मनाशी ठरवायचं, मगच उघडायचं, आणि दहा मोजायच्या आत बंद. मोजणार तूच, मोठ्याने. मी एकदा नऊवर लिंबू घेऊन बाहेर आलो तर तू म्हणालास, "उशीर केलास."

यादी म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतला पुठ्ठा, झाकणाशेजारी खिळ्याला टांगलेला, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. सुरुवातीला तीन रकाने होते. काय, कुठे, कधीपर्यंत. रसवांगी, डावीकडे खाली, शनिवार. कोथिंबीर ओल्या फडक्यात, उजवीकडे वर, रविवार. खाल्लं की ओळ खोडायची. त्या पुठ्ठ्यावर बोट ठेवून तू डोळे मिटून सांगायचास, "आत्ता आत दोन लिंबं, अर्धी काकडी, ताक एक बाटली," आणि तेवढंच निघायचं. जहाजावर तीस वर्षं यंत्रं राखलेला माणूस, पण एवढा खूश मी तुला दुसऱ्या कशापायी पाहिला नाही.

आणि मधली ती फळी.

पहिल्याच खेपेला वैनीने विचारलं होतं, "भात आणि दूध एकाच पेटीत? एकाला एक लागून?" शिजलेल्या भाताचा हात दह्यादुधाला लागू द्यायचा नाही, हे आपल्या घरात श्वास घेण्यासारखं. तू देव मानत नव्हतास, जानवं तू कुठल्याशा बंदरात काढून ठेवलंस ते परत घातलं नाहीस. मला वाटलं आता वाद होणार. तू मुकाट्याने प्लायवूडची फळी कापलीस आणि पेटीच्या मधोमध उभी बसवलीस. थंड पट्टीकडची डावी बाजू शिजलेल्याची, लांबची उजवी दूध, दही, भाजी, लिंबांची. मी पोट धरधरून हसलो. "समुद्रावरही खरकटं पाळतोस, अण्णा? माशांना सांगितलंस का?"

तू म्हणालास, "ती येत नै होडीत. तिची फळी तरी येऊ दे."

हे तू बोललास आणि मी हसणं चालूच ठेवलं. आता ते वाक्य जेवताना मधेच आठवतं आणि हातातला घास परत ताटात ठेवतो.

मग इन्सुलिनची बाटली आली तेव्हा भरलेला तो दरबार! डॉक्टरने सांगितलं, औषध थंड ठेवा. प्रश्न उभा राहिला, कुठल्या बाजूला? तुमच्या स्वयंपाकघरात आपण तिघं बसलो आणि मी वकील झालो. मी उभा राहून, खांद्यावर टॉवेल टाकून, म्हटलं की हे औषध जेवणाआधी घेतात, सबब हे जेवणाचं अंग आहे, सबब शिजलेल्याच्या बाजूला जावं. तू म्हणालास, हे कारखान्यात होतं, चुलीवर नाही. वैनी मिरच्या निवडत ऐकत होती. शेवटी तिने निकाल दिला.

"औषधाला खरकटं नसतं, भाऊजी. पण तुमच्या हाताला असतं. उजवीकडे ठेवा, आणि हात धुवून शिवा."

बाटली उजवीकडे गेली, स्टीलच्या छोट्या डब्यात, सगळ्यांच्या वर. थंड पट्टीपासून जितकी लांब जाईल तितकी लांब. इन्सुलिन गोठलं की कामातून जातं, हे त्या दरबारात तुला एकट्याला ठाऊक होतं. तू तसं म्हणाला नाहीस. निकाल तिला देऊ दिलास.

*

चौथा रकाना माझ्यामुळे आला. हे मी अभिमानाने सांगत असे. इथेही जरा अभिमान वाटतोच, काय करणार.

दुपारी तू सुकाणूपाशी बसल्याबसल्या डुलकी काढायचास. किनारा कायम नजरेत, पाणी कमरेपेक्षा थोडंच खोल, त्यामुळे डुलकीला भीती नव्हती. मी खाली केबिनमध्ये सरपटत जायचो. झाकण वीतभर उघडायचं, हात आत, अंदाजाने. पहिली चोरी डांगराची. उडदाच्या पिठाचं, दह्यातलं, वैनीच्या हातचं. वाटी चाटूनपुसून परत जागेवर ठेवली आणि ओळ खोडली नाही. रात्रीच्या जेवणाला तू यादी वाचलीस, डोळे मिटून "डांगर, उजवीकडे, मधे" म्हणालास, हात घातलास आणि रिकामी वाटी वर आली.

तू रागावशील असं वाटलं होतं. तू वाटीकडे बघत राहिलास.

"नकाशा खोटा झाला, नारू."

"अय्यो, डांगर गेलं तर गेलं!"

"डांगराचं नै रे. समुद्रावर नकाशा खोटा झाला की माणूस मरतो."

"डांगराच्या नकाशाने अजून कोणी मेलेलं नाही," मी म्हटलं, आणि हा किस्सा मी नंतर किमान सहा लग्नांत सांगितला. तुझा आवाज काढून. लोक डोळे पुसेपर्यंत हसायचे. आता सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर पट्टी धरून तू चौथी रेघ मारलीस आणि वर लिहिलंस, 'कोणी'. तेव्हापासून ज्याने काढलं त्याची खूण. तुझ्यापुढे तू 'अ' लिहायचास. माझ्यापुढे सरळ 'चोर'. आधी मी मुद्दाम लिहायचो नाही, मग तूच लिहायला लागलास, आणि कधी चुकला नाहीस. अर्धी काकडी, चोर. ताक दोन घोट, चोर. दोन घोट तुला कसे कळायचे, हे मी तुला सतरा वेळा विचारलं. हा वाद आपला अर्धाच राहिला. तू म्हणायचास, "तू विचारायच्या आधी सांगत जा, मग मी कसं ओळखलं ते सांगीन."

तो शनिवार असा. सकाळपासून पाणी पसरट, तेलासारखं. वैनीने पाच डबे दिले होते आणि पाचव्याबद्दल तू मला बजावलं होतंस, "बासुंदी आहे. उद्याची. हात लावू नको." तू गोड खात नव्हतास, म्हणजे ती कोणासाठी होती हे एखाद्या लहान मुलालाही कळलं असतं. पण माझी वस्तू मला उद्या मिळणार आणि आज मी ती चोरू शकतो, ह्यात जी मजा आहे ती तुझ्यासारख्या सरळ माणसाला समजणार नाही.

दुपारी तू डुललास. मी खाली गेलो. बासुंदीचा डबा उजवीकडे तळाशी होता आणि त्याच्यावर तुझा औषधाचा छोटा डबा. तो काढला. ठेवायचा कुठे? फळीच्या पलीकडे, डाव्या बाजूला, पट्टीला टेकून, भाताच्या डब्यावर. दहा मोजेपर्यंत, असं मनात म्हटलं. तिथेच बसून अर्धी बासुंदी खाल्ली. वेलदोडा जरा जास्त झाला होता. डबा परत तळाशी ठेवला, वर दही रचलं, झाकण लावलं. औषधाचा डबा पलीकडेच राहिला. खोटं नाही सांगत, मला आठवलंच नाही. मी वर येऊन तुझ्या शेजारी बसलो आणि तुला जागं करून एक गाणं म्हणायला लागलो.

संध्याकाळी उन्हं तिरपी झाल्यावर तू खाली गेलास. तुझं मोजणं ऐकू आलं. एक, दोन, तीन, आणि थांबलं. तू कधी थांबत नसायचास. तेव्हा मला आठवलं.

मी केबिनच्या दारातून बघितलं. तू बाटली खिडकीच्या उजेडात धरली होतीस, हळूच तिरपी करून बघत होतास. पाठ माझ्याकडे. त्या वेळी एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. 'अण्णा, मी हलवली.' चारच अक्षरं येणाऱ्या माणसालाही जमेल असं वाक्य. मी काय केलं? मी मागे सरकलो आणि दोर गुंडाळायला घेतला.

वर आलास तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर काही नव्हतं. "घेतलंस औषध?" मी विचारलं, अगदी सहज.

"हं," तू म्हणालास.

त्या रात्री तू भात खाल्ला नाहीस, म्हणालास पोट जड आहे. रविवारी सकाळी अजून एक दिवस राहायचं ठरलेलं असताना तू इंजिन चालू केलंस. "हवा फिरते आहे."

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. मी तुला भित्रा म्हटलं. तीस वर्षं समुद्र पालथा घातलेला माणूस निळ्या आभाळाला घाबरला, असं म्हणून किनाऱ्यापर्यंत नकला केल्या. तू हसत होतास. धक्क्याला लागल्यावर मी दोर बांधत होतो, तू खाली पुठ्ठ्यावर काहीतरी लिहीत बसला होतास. परतताना पट्टुकोट्टैला बस बदलायच्या आधी तू एका मेडिकलमध्ये शिरलास. "डोकं दुखतंय, गोळी घेतो." मी बाहेर उभा राहून गुलाबाचं गार रोझमिल्क प्यायलो.

*

त्यानंतर अकरा दिवस.

रोज सकाळी सातला तुझा फोन यायचाच, वर्षानुवर्षं. तेच विषय. बसवाले, कॉलेज, गुडघे. फक्त त्या अकरा दिवसांत शेवटी एक नवीन प्रश्न यायला लागला. सगळं बोलून झालं की तू जरा थांबायचास आणि म्हणायचास, "अजून काय?"

"काही नाही," मी म्हणायचो.

"सरि, बरं," तू म्हणायचास. फोन ठेवायचास.

अकरा वेळा. मी मोजत बसलो नव्हतो, आता मोजले. मधल्या शनिवारी आपल्याला परत जायचं होतं. मी परीक्षेचे पेपर आहेत म्हणून टाळलं. पेपर नव्हते. मला तुझ्याबरोबर त्या केबिनमध्ये उतरवत नव्हतं. त्या दिवशीही तू म्हणालास, "बरं, पुढल्या शनिवारी. अजून काय?"

पुढला शनिवार आला नाही. शुक्रवारी सकाळी सातला फोन वाजला, मी उचलला आणि तिकडे वैनी होती. "भाऊजी, हे उठत नैत." तू तिण्णैवर, मांडीवर पेपर, पेल्यात अर्धी कॉफी.

डॉक्टर तरुण होता. हृदय, म्हणाला, जुनंच दुखणं. मी त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, इन्सुलिन गोठलेलं असेल तर? त्याने मला नीट समजावलं. पंधरवड्यापूर्वीच्या एकदोन डोसांनी असं होत नाही, सर. मी मान हलवली आणि दहा मिनिटांनी परत त्याच्याकडे गेलो, परत तेच विचारलं. त्याने माझा खांदा धरला. त्याला वाटलं, भाऊ गेलाय, माणूस भ्रमलाय. त्याला काय सांगू, की बाटली गोठली ह्यापेक्षा मला ती टोचली गेली का, किती दिवस टोचली गेली, हे खुपत होतं. अकरा दिवस तू पाणी टोचून घेत होतास का, आणि मी 'काही नाही' म्हणत होतो का?

दिवस सरले. तेराव्याला सगळे जेवून बसल्यावर मला गोष्टी सांगायला लावल्या, लावणारच. लॉरीची सांगितली, दरबाराची सांगितली, टॉवेल खांद्यावर टाकून. पापनाशमची आपली आत्या हसून हसून ठसकली. वैनीही हसली, मग तोंड पदरात लपवून बसली. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही.

आठवड्याने वैनीने मला बोलावलं. "होडीत माझे डबे आहेत. चार. आणा. आणि तो फ्रिज बंद करून या. कोणासाठी चाललाय तो?"

*

मी गेलो, काल. एकटाच, बसने. धक्क्यावरच्या राखणदाराने मला ओळखलं. डोक्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला आणि तमिळमध्ये म्हणाला, "सार्, ती पेटी अजून बोलते. आम्ही लांबून ऐकतो. आत कोणी आहे असं वाटतं."

'सगुणा' उन्हात हलत होती. मी केबिनमध्ये पाय टाकला आणि त्याच क्षणी फ्रिजचं यंत्र टक् करून सुरू झालं. गुरगुर. तू म्हणायचास, "ऐकलंस? थंडी बोलावते आहे." महिनाभर वर सूर्य तापत होता, बॅटरी भरत होती आणि ही पेटी इमानाने कोणासाठी तरी गार होत राहिली होती. मी म्हटलं, "अण्णा?" मोठ्याने. बाहेर राखणदार खोकला.

कायदा म्हणजे कायदा. आधी यादी. पुठ्ठा खिळ्याला होता, पेन्सिल दोऱ्याला. तुझी बारीक, सरळ तमिळ अक्षरं, आपली मराठी. वरून वाचायला लागलो. दहीभात, डावीकडे, शनिवार, चोर. काकडी, उजवीकडे, शनिवार, अ. रसवांगी, डावीकडे, रविवार, आणि पुढे 'अ, घरी'. न खाल्लेलं तू घरी नेलं होतंस, तेही लिहून. बासुंदी, उजवीकडे तळाशी. रविवार खोडून वर लिहिलं होतं, 'शनिवार'. पुढे चौथ्या रकान्यात, 'अर्धी, चोर. अर्धी उरली.'

तू नाशवंत वस्तू मागे ठेवून होडीतून कधी उतरला नव्हतास. एवढी एक ठेवलीस. पुढच्या शनिवारपर्यंत टिकेल असा हिशेब करून ठेवलीस. त्या शनिवारी माझे पेपर होते.

त्याखाली शेवटची ओळ.

इन्सुलिन. उजवीकडे वर. आडवी खोडलेली. तिसऱ्या रकान्यात तारखेऐवजी चार शब्द. 'गोठलं. टाकलं. वापरलं नाही.'

मी बोट ठेवून ते परत वाचलं, अण्णा. वापरलं नाही! निळ्या आभाळात हवा का फिरली, भात का नको होता, मेडिकलमध्ये कसली गोळी घेतलीस, सगळं एकदम उमगलं. तुझ्याजवळ दुसरी बाटली नव्हती म्हणून तू मुकाट परत फिरलास, आणि मला भित्रा म्हणू दिलंस. मी रडलो असेन, हसलोही असेन. राखणदाराने विचारलं, "सार्, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही," आणि ते शब्द तोंडातून निघताच आपोआप पुढचा रकाना बघितला गेला.

चौथा रकाना कोरा होता.

पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजू भरलेल्या. दोन घोट ताकसुद्धा तू सोडलेलं नव्हतंस. प्रत्येक ओळीपुढे तुझं 'अ' नाहीतर माझं 'चोर'. हीच एक जागा तू मोकळी ठेवली होतीस. तुला ठाऊक होतं. खिडकीत बाटली धरून उभा होतास तेव्हाच ठाऊक होतं. दोन घोट ओळखणाऱ्याला काय, भाताच्या डब्यावर औषधाचा डबा बघून कळणार नाही? पण इथे तू 'चोर' लिहिलं नाहीस. ही चोरी नव्हती, म्हणून मीच सांगायला हवी होती. अर्धी बासुंदी ठेवलीस, पेन्सिल टोक करून ठेवलीस, आणि रोज सातला फोन केलास.

अजून काय? अजून काय?

अकरा वेळा विचारलंस, माणसा. बाराव्यांदा एकदा का नाही विचारलंस?

उपकार मानू की भांडू, हे काल दिवसभर ठरलं नाही. तुझ्या जिवाला मी धक्का लावला नाही हे तू मला लिहून ठेवलंस, आणि त्याच ओळीत हेही, की तू वाट बघत होतास. डॉक्टरने माझी पहिली भीती घालवली होती, दुसरी तू घालवलीस. उरली ती कोणाला घालवता येईल? समोरासमोर बसलो असतो तर तू काय म्हणाला असतास हे मला शब्दन् शब्द ठाऊक आहे. "उशीर केलास." आणि उरलेली बासुंदी माझ्यापुढे सरकवली असतीस. दोन घोट ताक कसं ओळखायचास तेही सांगितलं असतंस. ते आता मला कोणी सांगणार नाही.

मी झाकण उघडलं. तळाशी डबा होता. बासुंदीचं जे व्हायचं ते झालं होतं. डबा बाहेर काढून धक्क्यावरच्या नळाशी तीनदा घासला तरी वास गेला नाही. वैनीने संध्याकाळी चारही डबे नाकाशी नेले, ह्या डब्याशी थबकली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वेलदोडा जास्त झाला होता की नै, भाऊजी?" मी हो म्हटलं. तिने डबा आत नेला. तिला किती ठाऊक आहे, हे मी विचारणार नाही. तिच्याकडेही एखादा रकाना कोरा असेल.

पण हे नंतरचं. होडीतलं राहिलं.

डबा काढल्यावरही मी झाकण लावलं नव्हतं. पुठ्ठा मांडीवर घेतला, पेन्सिल ओढली. दोरा आखूड, त्यामुळे खिळ्यापाशी वाकूनच लिहावं लागतं. शेवटच्या ओळीपुढे, चौथ्या रकान्यात, तमिळ अक्षरांत लिहिलं. तुला वाचता येईल अशा अक्षरांत. 'नारू'. सवयीने हात 'चोर'कडे जात होता, आवरला. मग खाली, रकान्याबाहेर, जागा नसताना, सगळं लिहिलं. डबा कुठून काढला, कुठे ठेवला, कशासाठी. तुला मागून बघत होतो तेही. चार ओळी झाल्या. अकरा दिवस पुरले नाहीत त्यांना.

आतली थंडी पायांवरून वाहून जात होती. यंत्र परत टक् करून सुरू झालं, जोर लावून गुरगुरायला लागलं. आणि मोजणं ऐकू आलं. तिथे माझा आवाज नव्हताच. आठ. नऊ.

अजून काही नाही, अण्णा. झाकण लावतो.